पिवळ्या रेषेच्या आत

"चुंबक म्हणजे आपलं घरचं मांजर आहे," मी लाकडी शिडीच्या वरच्या पायरीवरून म्हणाले. "मला ओळखतं ते. तू उगाच घाबरतोस."

खाली वासुदेव ढोबळे शिडी धरून उभा होता. आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत पीएचडी करत होतो, आणि घाबरण्याचं काम आमच्यात तो करायचा.

"कुंदा, डोकं फार आत घालू नकोस."

"तू गप रे," म्हणत मी वाकले. कानामागून काहीतरी सणकन गेलं आणि आतून आवाज आला. टिक.

मी डोक्याला हात लावला. सकाळी अबोलीचा गजरा माळला होता. गजरा होता. त्याला धरून ठेवणारी पिन नव्हती.

"काय झालं?" ढोबळेनं विचारलं.

"मांजरानं पिन खाल्ली."

ढोबळे शिडी सोडून भिंतीला टेकला. मी वरच होते, पण ते त्याच्या लक्षात राहिलं नाही.

ज्यांनी हा प्राणी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. दीड पुरुष उंचीचं पांढरं पिंप, तीन पायांवर उभं. आत हीलियम भरलेलं, इतकं गार की बर्फ त्यापुढे निखारा वाटावा. त्या गारठ्यात एक तारेचं वेटोळं, आणि त्या वेटोळ्यात न थांबता फिरणारी वीज. त्यातून जे चुंबक होतं ते हातातला पाना ओढून घेतं, खिशातल्या किल्ल्या काढून घेतं, मनगटावरचं घड्याळ कायमचं बंद पाडतं. पिंपाच्या मधोमध आरपार भोक असतं. वरून काचेची नळी सोडायची, खालून तिला रेडिओची लहर द्यायची आणि ती काय उत्तर देते ते ऐकायचं.

माझ्या नळीत अंडं असायचं. खोटं नाही सांगत. परदेशातून मागवलेली शुद्ध चरबी कस्टममध्ये पडून नासायची, म्हणून आमचे मार्गदर्शक मिराशीसर अंड्याच्या बलकातून ती आमच्याकडूनच काढून घ्यायचे. स्वतः सर कांदासुद्धा खायचे नाहीत, पण बलक कसा फेटायचा यावर तासभर बोलायचे. आपल्या पेशींचं आवरण असल्याच चरबीच्या रेणूंच्या दोन थरांचं असतं, आणि प्रत्येक रेणूच्या डोक्यात फॉस्फरसचा एक अणू बसलेला असतो. तो चुंबकात बोलतो. रेणू गोठून उभा असेल तर कागदावर लांबरुंद डोंगर उमटतो. जागच्या जागी गिरक्या घेत असेल तर डोंगर आखडून टोपीसारखा होतो. आणि सगळीकडे मोकळा गडगडत असेल तर एकच बारीक सुळका.

"भोंडला खेळलीयस ना?" सर म्हणाले होते, मी नवी होते तेव्हा. "रिंगण मोठं असेल तर बाई आपल्याच जागेवर हलतेय असं वाटतं. रिंगण लहान केलं की तीच बाई भराभर सगळ्या दिशांना तोंड करून येते. रेणूंचंही तेच. आपल्याला बाई दिसत नाही, मधला हत्ती दिसत नाही. ती कशी फिरतेय ते नुसतं आवाजावरून ओळखायचं. आणि एक लक्षात ठेव, फॉस्फरस खोटं बोलत नाही. माणसं बोलतात."

असे हे सर. डॉक्टर अच्युत मिराशी. त्यांनीच चुंबकाभोवती जमिनीवर पिवळी रेषा आखली होती आणि दारावर आपल्या टपोऱ्या अक्षरात पाटी लावली होती: लोखंड, घड्याळ, किल्ल्या आणि हृदयात यंत्र बसवलेली माणसं यांनी पिवळ्या रेषेच्या आत येऊ नये. माझ्या आधीच्या एका मुलानं चुकून खिशात कुलूप नेलं होतं. सर त्याच्यावर ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "घरी जा. बँकेची परीक्षा दे." आम्हाला ओरडण्याची भीती नव्हती. बँकेची होती.

आणि त्या मुलाचं कुलूप निदान बाहेरून चिकटलं होतं. माझी पिन भोकाच्या आत होती.

"सर गणपतीला कोकणात गेलेत," मी खाली उतरत म्हणाले. "यायच्या आत काढू."

"कशानं काढणार? चिमटा लोखंडाचा, तार लोखंडाची."

"खराट्याचा हीर."

हिराच्या टोकाला ढोबळेनं स्वतःच्या तोंडातला च्युइंगगम काढून लावला. मी पुन्हा वर चढले, या वेळी केस मोकळे सोडून. हीर आत घातला. पिन चिकटली. ओढली, तर पिन निम्मी वर आली, चुंबकानं मनावर घेतलं, आणि पिन, च्युइंगगम आणि हिराचा तुकडा असे तिघेही आणखी आत गेले.

"आता?" ढोबळेनं विचारलं.

"आता गप्प बसायचं."

गंमत म्हणजे माझ्या प्रयोगाला काही झालं नाही. माझा फॉस्फरस मुळातच इतका पसरट आणि आळशी, त्याला एका पिनेचं काय? टोपी होती तशी येत राहिली. मेला तो ढोबळे. त्याचं काम बारीक रेषांचं. त्याच्या प्रत्येक सुळक्याला दोन-दोन शेंडे फुटले.

"ह्याला शिंगं आलीयत," तो कागद माझ्यापुढे नाचवत म्हणाला. "सर विचारतील, तर काय सांगू? रेणू बैल आहे?"

सर आले, आणि आमचा जीव टांगणीला लागला.

एरवी सर आले की तडक आत यायचे, चपला दाराशी, घड्याळ टेबलावर, आणि खारीसारखे शिडीवर. नळी दुसऱ्या कुणाला सोडू द्यायचे नाहीत. त्या दिवशी ते दारातून आत आले, पिवळ्या रेषेपाशी आले आणि तिथंच थांबले. चेहरा उतरला होता जरा. हात पाठीमागे बांधून चुंबकाकडे बघत राहिले. मग आमच्याकडे.

"काय चाललंय?"

"काही नाही, सर," आम्ही दोघं एकदम म्हणालो. एकदम म्हटलेलं नेहमी खोटं वाटतं.

"नळी टाक, धुमाळ."

"मी?"

"का? तुझे हात मोडलेत?"

मी शिडी चढले. वरून बघितलं तर सर रेषेला पायाचा अंगठा लावून उभे, एक बोटही आत नाही. मला खात्रीच पटली. त्यांना कळलंय, आणि आपणहून कधी कबूल करतो याची ते वाट बघतायत.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. सर यायचे, रेषेवर उभे राहायचे, तिथूनच सूचना करायचे. आम्ही कुजबुजत असलो तर दचकायचे. आम्ही गप्प झालो तर आणखी दचकायचे. एकदा अचानक म्हणाले, "तुम्हाला दोघांना काही कळलंय का?"

"कशाचं, सर?"

"कशाचंही."

"नाही, सर!"

सरांचा चेहरा पांढरा पडला. ढोबळे नंतर म्हणाला, "रागानं पांढरा पडणारा माणूस फार वाईट. माझे आजोबा तसे होते."

भीतीनं माणसाची नजर तीक्ष्ण होते, पण अक्कल होत नाही. मला सगळं दिसत होतं. सरांचं पेन डाव्या खिशातून उजव्या खिशात गेलं होतं. फोन ते उजव्या कानाला लावायला लागले होते. आणि वर्गात सर पूर्वी फळ्याच्या पार वरच्या कडेपासून लिहायचे, डाव्या हातानं. आता त्यांची समीकरणं निम्म्या फळ्यावर उतरली होती, मागच्या बाकांवरची मुलं मान उंच करून बघायची. हे सगळं मी ढोबळेला सांगायचे आणि आम्ही एकच अर्थ काढायचो: सर संतापलेत.

त्यात आणखी एक भीती बाहेरून आली. हीलियमचं भांडं मुंबईहून यायचं होतं, ते येईना. चुंबकातलं हीलियम तळाला चाललं होतं. सरांनी आम्हाला रेषेपलीकडून बजावलं.

"याला आता धक्का लागता कामा नये. जरा उबारा मिळाला ना, तर वीज थांबेल, सगळं हीलियम एकदम उकळेल, आणि खोलीतली हवा बाहेर ढकलून स्वतः इथं बसेल. तसं झालं तर धावायचं. कागद, नळ्या, मी, काही घ्यायचं नाही. नुसतं धावायचं."

"आणि चुंबक, सर?"

"चुंबक राहणार नाही. नुसतं पिंप राहील."

मला रोज स्वप्नात पिंप दिसायला लागलं. पिंपाच्या तोंडात पिन असायची आणि ते बँकेच्या काउंटरमागे बसलेलं असायचं.

मग खंडेनवमी आली.

आमच्या संस्थेत तो दिवस मोठा. एरवी इथले लोक अमेरिकेहून आलेल्या शोधनिबंधावरही विश्वास ठेवायचे नाहीत, पण खंडेनवमीला वर्कशॉपमधल्या लेथपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत सगळ्यांना कुंकू लागायचं. प्रथा अशी की प्रत्येक विभागाच्या प्रमुखानं आपल्या यंत्राला स्वतःच्या हातानं कुंकू लावायचं, हार घालायचा. संचालक डॉक्टर किणीकर पेढ्यांचं ताट घेऊन खोलीखोलीतून फिरायचे. किणीकरांना आमची प्रयोगशाळा कधीपासून स्वतःच्या माणसाकडे द्यायची होती. ते हे लपवायचेही नाहीत.

चुंबकाचा हार दरवर्षी मिराशीकाकू स्वतः दोऱ्यात ओवून पाठवायच्या. या वर्षी सर हात हलवतच आले. अंगात सैल रेशमी झब्बा, कपाळावर घाम.

"हार?" किणीकर दारातूनच म्हणाले.

"राहिला. यंदा नुसतं कुंकू. आणि ते धुमाळ लावेल. लक्ष्मी आहे घरची."

"छे छे! प्रमुखानंच लावायचं. हार मी वर्कशॉपमधून आणलाय, हा घ्या. चांगला मजबूत आहे." किणीकर हसले. "का? प्रमुख बदलायचाय का? बदलू की."

बरोबरचे चार-पाच जण हसले. सर हसले नाहीत. त्यांनी पितळेचं तबक उजव्या हातात घेतलं आणि पिवळ्या रेषेकडे बघितलं.

आता सर वर चढणार. भोकात बघणार. पिन, च्युइंगगम, हीर. मी माझ्या गावी बार्शीला जाणारी एसटी किती वाजता सुटते ते आठवायला लागले.

किणीकरांनी हार पुढे केला. तो घ्यायला सरांनी डावा हात उचलला, तो खांद्यापर्यंत आलाच नाही, ते कळवळले, आणि झब्ब्याचा गळा बाजूला सरकला. गळ्याच्या हाडाखाली ताजा, गुलाबी व्रण होता. त्याखाली कातडीच्या आत काड्यापेटीएवढा उंचवटा.

माझ्या मामाला अस्साच होता. सोलापूरला बसवून घेतला होता. मामाला महिनाभर हात वर न्यायची बंदी होती, आणि फोन नेहमी दुसऱ्या कानाला लावायचा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पेन. फोन. निम्मा फळा. रेषेला टेकलेला अंगठा. दारावरची टपोऱ्या अक्षरातली पाटी.

सरांनी तबक सावरलं, डोळे मिटले आणि पाय उचलला.

मी शिंकले.

मला दुसरं काही सुचलं नाही. खोटी होती, पण बार्शीची शिंक होती. पाय तिथंच थांबला. खोलीतल्या सगळ्या डॉक्टरेटी जागच्या जागी गोठल्या.

"थांबा मिराशी," किणीकर खालच्या आवाजात म्हणाले. "माझा विश्वास नाही, पण थांबा जरा."

सर थांबले. मी सुटकेचा श्वास घेतला, तो नेमका हळदीच्या वाटीवरून घेतला, आणि मला दुसरी शिंक आली. खरी.

"दुसरी आली!" किणीकर खूश झाले. "दोष गेला. चला."

"सर, हार मी घालते!" मी ओरडले. "उंच आहे, तुमचा हात पोचायचा नाही!" आणि कुणी काही म्हणायच्या आत किणीकरांच्या हातातला हार हिसकावून मी रेषेच्या आत शिरले.

वर्कशॉपमधली माणसं हार दोऱ्यात ओवत नाहीत. दोरा तुटतो. ते झेंडू बांधकामाच्या लोखंडी तारेत ओवतात, दुहेरी पीळ देऊन.

मला हे रेषेच्या दोन पावलं आत कळलं. हार माझ्या हातात ताठ उभा राहिला, एखाद्या नागासारखा, आणि चुंबकाच्या दिशेनं निघाला. मी तो सोडायला हवा होता. मी तो घट्ट धरला. त्यामुळे आम्ही दोघं बरोबरच गेलो. हार पिंपावर आदळला, मी हारावर, शिडी माझ्यावर. सगळीकडे झेंडू.

क्षणभर काहीच झालं नाही. मग पिंपाच्या आतून एक उसासा ऐकू आला. म्हशीनं सोडावा तसा.

"अरे देवा," ढोबळे म्हणाला.

आणि मग ते गरजायला लागलं. वरच्या नळीतून पांढरी वाफ छताला जाऊन आपटली आणि खाली उतरायला लागली. दिवे दिसेनात. कानात दडे बसले. कुणीतरी "पळा!" म्हणालं आणि सगळ्यांत पुढे किणीकर पळाले, पेढ्यांच्या ताटासकट.

मी उठायला गेले तर पाय शिडीत अडकलेला. वाफ कमरेपर्यंत आली. श्वास घेतला तर छातीत काहीच गेल्यासारखं वाटेना.

"धुमाळ!" सरांचा आवाज. "कुंदा! बाहेर ये!"

धुक्यातून मला त्यांचा पाय दिसला. पिवळ्या रेषेवर होता. मग रेषेच्या आत आला.

"आत येऊ नका!" मी किंचाळले. स्वतःच्या गळ्याखाली बोट ठेवून दाखवलं. "सर, तुमचं यंत्र! मागे व्हा!"

पाय थांबला. सर माझ्याकडे बघत होते. पिंप गरजत होतं आणि आम्ही दोघं दोन हातांच्या अंतरावरून एकमेकांना घाबरत होतो.

"कळलंय तुला?"

"पळा, सर!"

मग कुठूनतरी ढोबळे आला. आयुष्यभर घाबरण्याची प्रॅक्टिस असल्यामुळे त्याला पळायचं कसं ते नीट माहीत होतं. त्यानं शिडी उडवली, मला काखेत मारलं, जाताना सरांचा झब्बा पकडला आणि आम्हाला दोघांना एकदम व्हरांड्यात आणून टाकलं.

व्हरांड्यात सगळे खोकत होते. खिडक्या उघडल्या गेल्या. गर्जना हळूहळू फुसफुशीवर आली आणि थांबली.

"ही मुलगी!" किणीकरांना आवाज फुटला. "एवढं चुंबक! हिला आत्ताच्या आत्ता—"

"हार कुणी आणला?" सरांनी विचारलं. अगदी शांतपणे. बँकेच्या आवाजात.

किणीकरांनी पेढ्यांकडे बघितलं.

"चौकशी करू," ते म्हणाले.

"करू की. तारेपासूनच सुरुवात करू."

किणीकरांना पुढच्या विभागात उशीर होत असल्याचं आठवलं. बाकीचेही त्यांच्यामागून गेले. ढोबळे चहा आणतो म्हणून गेला तो दिवसभर आला नाही.

मी आणि सर दारात उभे होतो. आत वाफ विरली होती. हार पिंपावरून गळून जमिनीवर पडला होता.

"कधी बसवलं, सर?"

"गणपतीत. कोकणात नव्हतोच गेलो." त्यांनी दारावरच्या पाटीकडे बघितलं. "नियम माझाच आहे ना. कुणाला कळलं असतं तर मला कमिटीवर बसवलं असतं आणि इथं किणीकरांचा भाचा आला असता. मला वाटलं, तुम्ही दोघं त्याबद्दलच कुजबुजताय."

"आम्ही दुसऱ्याच कशाबद्दल कुजबुजत होतो."

"कशाबद्दल?"

मी दाराबाहेर ठेवलेल्या पर्समधून एक पिन काढली, सरांना दाराशीच थांबवून रेषेच्या आत गेले आणि ती पिन पिंपाजवळ तळहातावर धरली. एरवी ती गोळीसारखी सुटली असती. ती पडून राहिली.

"मेलंय, सर," मी म्हणाले. "नुसतं पिंप आहे."

सर रेषेपाशी आले. जरा वेळ उभे राहिले. मग चपला काढल्या आणि आत आले. पिंपावर उजवा हात ठेवला, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. मग खाली वाकून त्यांनी बुडाचा भाग सैल केला. माझी काचेची नळी अलगद त्यांच्या हातात आली, शाबूत. तिच्यामागून पिन, वाळका च्युइंगगम आणि हिराचा तुकडा.

सरांनी ते तिन्ही तळहातावर घेऊन उजेडात बघितलं.

"ही कधीची?"

"गणपतीतलीच, सर."

माझी नजर एसटीच्या दिशेनं गेली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते. एका हातानं ते डाव्या छातीवरचं यंत्र सांभाळत होते आणि हसत होते.

"कुणाला सांगणारेस का?" त्यांनी विचारलं.

"कशाचं, सर?"

"कशाचंही."

"नाही, सर."

त्यांनी तबकातलं कुंकू घेतलं आणि पिंपाला लावलं. "हीलियम येईल, भरू, पुन्हा उभं करू," ते म्हणाले. "तीन-चार महिने सहज जातील." मग जरा थांबून, "तोवर मला आत येता येईल."

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. ते तीन-चार महिने सर रोज आत बसायचे, खुर्ची अगदी पिंपाला टेकवून.

त्या दिवशी कुंकू लावून झाल्यावर त्यांनी मला नारळ आणायला सांगितला आणि उंबऱ्यावर स्वतःच्या हातानं फोडला.

नासका निघाला.